तंबूंच्या धंद्यातून आलेल्या पैशावर माथेरानची ट्रेन उभी राहिली

माथेरानच्या मिनी ट्रेनचे रील्स तुम्ही शंभर वेळा पाहिले असतील. नेरळहून सुटलेली छोटी गाडी डोंगराला वळसे घालत चढते, खिडकीतून धुकं आत येतं आणि स्टेशनात माकडं खाऊवर डोळा ठेवून बसलेली असतात. आपण तिला टॉय ट्रेन म्हणतो, तिच्यात बसून फोटो काढतो आणि विसरून जातो.

पण ही गाडी खेळणं म्हणून बांधलेली नव्हती. ज्याला घोड्यावर बसता येत नाही, ज्याच्या पायात घाट चढायची ताकद नाही, अशा माणसाने माथेरानला जायचं कसं, या प्रश्नाचं ते रोकडं उत्तर होतं. आणि हे उत्तर सरकारी तिजोरीतून आलं नव्हतं. मुंबईतल्या एका व्यापारी घराने त्यासाठी स्वतःचे पैसे घातले होते.

त्या घराचं नाव पीरभॉय. बाप सर आदमजी पीरभॉय आणि मुलगा अब्दुल हुसेन.

रस्त्यावरून शेरीफपदापर्यंत

आदमजींचा जन्म १८४०च्या दशकातला. कुटुंब दाऊदी बोहरा, मूळ काठियावाडचं. घरची गरिबी होती. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या हजारो कुटुंबांपैकी हे एक. लहानपणी आदमजी मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकायचे, असं त्यांच्याबद्दल आजही सांगितलं जातं.

त्यांचं नशीब फिरलं ते लष्करी कंत्राटांमुळे. ब्रिटिश फौजेला लागणाऱ्या वस्तू पुरवायला त्यांनी सुरुवात केली. फौज म्हणजे हजारो माणसं आणि सतत मुक्काम बदलणारा पसारा. त्याला झोपायला खाट लागते, डोक्यावर तंबू लागतो, अंगावर कपडे आणि पायात बूट लागतात. आदमजींनी ही गरज ओळखली. तंबूंचे मोठे पुरवठादार म्हणून त्यांचं नाव झालं.

पुढे त्यांनी कापड गिरणीत आणि चामड्याच्या धंद्यात पाय रोवले. आज धारावी म्हटलं की चामड्याच्या बॅगा आठवतात. त्या धारावीत १८८७ साली उभी राहिलेली वेस्टर्न इंडिया टॅनरी पीरभॉयांचीच.

पैसा आला तसा तो बाहेरही पडू लागला. चर्नी रोडला त्यांनी सॅनिटोरियम उभारलं. त्या काळात डॉक्टर औषधाइतकाच हवापालटावर भर द्यायचे. पण हवापालट करायची तर दुसरीकडे राहायला जागा हवी, आणि ती गरिबाकडे कुठून असणार? समुद्राजवळच्या या जागेत आजारी माणसाला कुटुंबासह काही दिवस राहता यायचं. शिक्षणालाही त्यांनी हात दिला. अलीगढच्या कॉलेजात विज्ञानाचं शिक्षण सुरू व्हावं म्हणून त्यांनी मोठी देणगी दिली होती.

१८९७ साली आदमजी मुंबईचे शेरीफ झाले. प्लेगने मुंबईची झोप उडवलेला तो काळ. लोक शहर सोडून पळत होते आणि मोकळ्या हवेच्या जागा शोधत होते.

अशी एक जागा मुंबईपासून फार लांब नव्हती. अडचण होती ती तिथे पोहोचण्याची.

माथेरान जवळ होतं, पण सगळ्यांसाठी नाही

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होते. हे चौक म्हणजे आज खालापूर तालुक्यात येणारं गाव. तिथून ते समोरचा डोंगर चढून गेले आणि वरच्या थंड हवेच्या प्रेमात पडले. पुस्तकात याला माथेरानचा शोध म्हणतात. अर्थात ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळींना हा डोंगर आधीपासून पाठ होता. मॅलेटसाहेबांमुळे तो सरकारदरबारी आणि मुंबईच्या श्रीमंतांच्या नजरेत आला, एवढंच.

सहा वर्षांनी, १८५६ साली, रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. वाटेतलं नेरळ माथेरानच्या पायथ्याचं गाव. त्यामुळे मुंबईचा माणूस नेरळपर्यंत आरामात येऊ लागला.

खरी परीक्षा पुढे होती. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर आणि माथेरान साधारण ८०० मीटरवर. मधे अकराएक किलोमीटरचा घाट. तो चढायचे मार्ग तीन. चालत जा, तट्टावर बसा किंवा माणसांच्या खांद्यावरून जा. पालखी किंवा खुर्चीत बसायचं आणि हमालांनी ती उचलून वर न्यायची.

आता विचार करा. थंड हवेची सगळ्यात जास्त गरज कुणाला? आजारातून उठलेल्याला, दमेकऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला. आणि हा घाट सगळ्यात अवघड कुणाला? त्यांनाच. धडधाकट माणसाला माथेरान मोकळं होतं. ज्याला त्याचा उपयोग होता, त्याला ते खालूनच दिसायचं.

याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. आदमजी एकदा माथेरानला जायला निघाले, पण नेरळला त्यांना वर जायचं साधनच मिळालं नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं म्हणे, की इथे रेल्वे आणायचीच. किस्सा ऐकायला छान आहे. पण एका माणसाच्या रागावर रेल्वे उभी राहत नाही. त्यासाठी पैसा लागतो, आणि डोंगराशी हुज्जत न घालता त्याच्या कलाने जाणारी आखणी लागते.

सोळा लाख रुपये आणि विसास एकचा चढ

काम अंगावर घेतलं ते मुलाने, अब्दुल हुसेन यांनी. पैसा लावला वडिलांनी. १९०० साली आखणी सुरू झाली, १९०४ मध्ये प्रत्यक्ष काम, आणि १९०७ साली गाडी माथेरानला पोहोचली. खर्च आला १६ लाख रुपये. त्या काळात १६ लाख म्हणजे किती, याचा अंदाज लावायला एवढंच लक्षात घ्या की ही रक्कम अशा गावासाठी घातली जात होती, जिथे वर्षातले काही महिनेच गर्दी असायची आणि पावसाळ्यात दरडी कोसळायच्या.

आता यातली खरी गंमत समजून घेऊ, कारण आपल्या गोष्टीचा गाभा तिथेच आहे.

नेरळ ते माथेरान सुमारे साडेसातशे मीटर उंची चढायची होती. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ सहन करत नाही, ते घसरतं. म्हणून ठरलं की जास्तीत जास्त चढ विसास एक ठेवायचा. म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. हिशेब साधा आहे. साडेसातशे मीटर चढायचे तर या प्रमाणात किमान १५ किलोमीटरचा रूळ लागणार. वळणं आणि स्टेशनं धरून तो झाला सुमारे २१ किलोमीटर.

जवळचा रस्ता सोडून लांबचा घेतला, म्हणून चढ सोपा झाला. डोंगर तेवढाच राहिला, वाट बदलली.

डोंगराच्या कडेला जागा कमी, म्हणून रूळही अरुंद ठेवला. दोन रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. बार्शी लाइट रेल्वे उभारून नाव कमावलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा सल्ला या कामाला मिळाला. दोनशेहून जास्त वळणं आली. इतक्या वळणांवर साधं इंजिन अडकलं असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून खास इंजिनं आणली. त्यांची पुढची आणि मागची चाकं वळणाप्रमाणे थोडी बाजूला सरकायची. आजही गाडीचा वेग ताशी वीसेक किलोमीटरच्या वर जात नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि मग माथेरान, अशी ती रमतगमत चढते.

पण त्या संथ गाडीने मोठं काम केलं. आता वर जायला दणकट पाय लागत नव्हते, घोड्यावर मांड ठोकता येण्याची गरज नव्हती आणि चार माणसांच्या खांद्यावर बसायची वेळ येत नव्हती. तिकीट काढायचं आणि बाकावर बसायचं. शेजारी कोण बसलंय, धडधाकट की आजारी, याने गाडीला फरक पडत नव्हता.

ज्या वर्षी गाडी वर पोहोचली, त्याच १९०७ मध्ये आदमजींना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. १९१३ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे आपल्या पैशातून उभी राहिलेली गाडी धावताना पाहायला त्यांना सहाएक वर्षं मिळाली. पुढे लाइन जीआयपी रेल्वेकडे गेली आणि स्वातंत्र्यानंतर मध्य रेल्वेकडे. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं. पीरभॉय हे नाव मात्र गाडीत बसणाऱ्या बहुतेकांना माहीतही नसतं.

गाडी बंद पडली की कळतं

एखादी सोय किती कामाची आहे, हे ती बंद पडल्यावर कळतं. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि गाडी परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग इतका उखडला की नेरळपासूनची फेरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. शिवाय दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान शटल धावते.

गाडी नसते तेव्हा नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत येता येतं. त्यापुढे वाहन नाही. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आणि अॅम्ब्युलन्स, अग्निशमन अशा गाड्या सोडल्या तर मोटारींना मनाई कायम राहिली. जंगल टिकलं ते यामुळेच, हे मान्यच करायला हवं.

पण दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचं अडीच-तीन किलोमीटर अंतर आजीबाईंनी कसं पार करायचं? व्हीलचेअरवरच्या माणसाने? घरापासून लांब शाळेत जाणाऱ्या पोरांनी? शटलची वेळ जुळली नाही तर पर्याय उरायचे घोडा किंवा हातरिक्षा. हातरिक्षा म्हणजे चढावर एका माणसाने दुसऱ्या माणसाला ओढत न्यायचं. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही पद्धत. पीरभॉयांच्या गाडीने घाटातली खांद्यावरची वाहतूक मागे टाकली, पण दस्तुरीच्या पुढे शंभर वर्षांनंतरही माणूसच माणसाला ओढत होता.

ही पद्धत बंद व्हावी म्हणून हातरिक्षा ओढणारेच पुढे आले. त्यांना ई-रिक्षा हवी होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ई-रिक्षा धावल्या. पण प्रकरण सोपं नव्हतं. घोड्यावर पोट असलेल्या कुटुंबांना धंदा जाण्याची भीती होती. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक टाकले तर माथेरानचा लाल मातीचा रस्ता आणि झाडं यांचं काय, हा पर्यावरणवाद्यांचा सवालही रास्त होता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हातरिक्षा ही माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी प्रथा आहे, ती सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा, असा त्याचा आशय. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली, आतले रस्ते आणि पायवाटा मात्र तशाच ठेवायच्या.

या निकालात एक महत्त्वाची गोष्ट आहे. वर बसणाऱ्याची सोय आणि ओढणाऱ्याचा सन्मान एकाच वेळी पाहिला गेला. कुणाच्या तरी पाठीवर उभी असलेली सोय ही पूर्ण सोय नसते.

हाच हिशेब डोंगराखाली

आता माथेरानवरून खाली उतरू. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर, चौक. गेल्या काही वर्षांत इथे फार्महाऊस, रिसॉर्ट, हॉटेलं आणि दुकानं वाढली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन येतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बँक, दवाखाना, मेडिकल, तहसील कचेरी चुकत नाही.

इथे पाऊस प्रचंड पडतो, म्हणून बांधकामाचं जोतं उंच असतं. पाणी आत शिरू नये हे त्यामागचं शहाणपण. पण जोतं उंच झालं की पायऱ्या आल्या, आणि पायऱ्या आल्या की कुणीतरी बाहेरच थांबलं. मग दुकानातला पोरगा रस्त्यावर येऊन सामान देतो किंवा दोघं-तिघं मिळून व्हीलचेअर उचलतात. भावना चांगली असते, पण ही पुन्हा पालखीच झाली. उचलणारी माणसं मिळाली तर आत, नाहीतर बाहेर.

उपाय तोच, जो नेरळच्या डोंगरात वापरला गेला. वाट लांबवा, चढ सोपा होईल. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी आपल्याकडे जास्तीत जास्त बारास एक हा चढ सांगितलेला आहे. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प. एक फूट जोतं असेल तर बारा फुटांचा. गंमत बघा, माथेरानची गाडी ज्या चढावरून जाते तो विसास एकचा चढ याहून सौम्य आहे. अनेक दुकानांसमोर मात्र सिमेंटचा दोन-तीन फुटांचा उतार असतो, ज्यावरून मोटारसायकल चढते आणि व्हीलचेअर उलटते. त्याला रॅम्प म्हणता येत नाही.

पुढे जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर काढता येतो, मधे वळवता येतो, जसा डोंगरात रूळ वळवला. तेही जमत नसेल तर घडीचा रॅम्प ठेवता येतो. बाजूला धरायला कठडा, पावसात न घसरणारी फरशी, ९०० मिलिमीटर रुंद दार आणि तळमजल्यावर एक कमोड असलेलं टॉयलेट. यातलं काहीच १६ लाखांचं काम नाही.

आणि ही आता मेहरबानी राहिलेली नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खाजगी इमारतही धरतो, जर तिथे सर्वसामान्य लोक येत-जात असतील. दुकान, हॉटेल, दवाखाना, देऊळ, करमणुकीची जागा, सगळं त्यात आलं. जुन्या सार्वजनिक इमारतींमध्ये बदल करायला पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा.

पीरभॉयांच्या गाडीलाही मर्यादा होत्या आणि आहेत. अरुंद दारांचे छोटे डबे व्हीलचेअरचा विचार करून बनले नव्हते. १९०७ मध्ये तो विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण एक गोष्ट त्या बापलेकाला तेव्हा कळली होती. चढता न येणं हा माणसाचा दोष मानला की काम तिथेच थांबतं. वाटेत दोष आहे असं मानलं की मोजमाप सुरू होतं.

म्हणून पुढच्या वेळी माथेरानच्या गाडीत बसाल तेव्हा रील जरूर काढा. आणि कर्जत-खालापुरात तुमचं दुकान, हॉटेल किंवा क्लास असेल, तर मोजपट्टी घेऊन आधी दारातली पायरी मोजा. जितके इंच येतील, तितक्या फुटांचा रॅम्प.